बत्तीस टीएमसी आणि एक टोपी

रायपूरला समुद्र नाही. पण रायपूरकरांनी त्याचं दुःख फार दिवस उगाळलं नाही, परस्पर तोड काढली. आमच्या शंकर नगरच्या पलीकडं तेलीबांधा तलाव आहे, त्याला अख्खं शहर 'मरीन ड्राइव्ह' म्हणतं. ऑटोवाल्याला 'तेलीबांधा तलाव' सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो. 'मरीन ड्राइव्ह' म्हटलं की ऑटो वळलीच. आणि दक्षिणेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, धमतरीच्या पुढं, महानदीवर गंगरेल धरण आहे. त्याचं नाव 'मिनी गोवा'. म्हणजे मुंबई झाली, गोवा झाला. मधल्या कोकणाचं काय करायचं ते शहरानं अजून ठरवलेलं नाही, पण आमच्या घरापुरतं ते ठरलंय. बायको रत्नागिरीची आहे.

तिची धाकटी बहीण पुण्यात दिलेली. साडूभाऊ कोथरूडचे आणि कट्टर शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा पंचांग बघून खाणारे. अशा माणसाला गेल्या वर्षी मासेमारीचा नाद लागला. मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघून. तो माणूस तळ्याकाठी खुर्ची टाकतो, मासा धरतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो, फोटो काढतो आणि त्याला परत पाण्यात सोडतो.

"यात हिंसा नाही साडूभाऊ," त्यांनी मला फोनवर समजावलं, "फक्त ओळख करून घ्यायची."

पुण्याजवळ पवनेच्या काठी आता तंबूंची इतकी दाटी झालीय म्हणे, की रात्री कूस बदलली तर शेजारच्या तंबूतला माणूस 'सरका जरा' म्हणतो. त्यामुळे ओळख गंगरेलच्या माशांशी करायची ठरली. त्यांना खरं तर जुलैतच यायचं होतं. मी सांगितलं, १६ जून ते १५ ऑगस्ट आमच्याकडे मासे धरायला बंदी असते, विणीचा हंगाम. "असं होय," साडूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "मग त्यांचं सगळं आटोपल्यावर येऊ." आणि जानेवारीत आले.

घरात एकच विरोधी पक्ष होता, आई.

"नळाला रोज येते तेच पाणी पाहायले नव्वद किलोमीटर काहून जायचं?"

यात खोट काढायला जागा नव्हती. रायपूरचं पाणी खारुन नदीवरून येतं, आणि उन्हाळ्यात खारुन रोडावली की गंगरेलचं पाणी कालव्यानं तिच्यात सोडतात. तिथून फिल्टर प्लँट, तिथून टाकी, तिथून आमचं स्वयंपाकघर. आईनं नळाच्या तोंडाला एक पांढरं फडकं बांधलेलं आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून आहे. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, फडकं सुटलं नाही. दर रविवारी ते सोडून, उजेडात धरून, आठवडाभरात काय काय आलं ते ती बघते आणि कुणालाही न सांगता परत बांधते.

"तिथं अंगारमोती देवीचं मंदिर आहे," मी शेवटचा पत्ता टाकला.

"असं सांग ना मग. चलते मी."

'चलते' ऐकून साडूभाऊंचा चेहरा किंचित आवळला. आमची मराठी १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आली आणि इथंच राहिली; पुण्याची परवानगी घ्यायला परत गेली नाही. पाव्हण्यांना हे सांगायला वेळ लागतो, म्हणून मी सांगत नाही. नुसता 'हो ना यार' म्हणतो.

निघताना आईनं स्टीलच्या डब्यात कणिक मळून घेतली. रात्री काठावर तंबूत मुक्काम होता आणि तंबूवाले जेवण देणार होते, पण त्यांच्या पोळ्यांचा काय भरवसा! ही कणिक लक्षात ठेवा.

शंकर नगर सोडलं की एक्सप्रेस-वे लागतो. ज्या पट्ट्यावर आज मोटारी सुसाट जातात तिथून पूर्वी धमतरीची छोटी लाइन जायची. अडीच फुटी रूळ, १९०० सालची गाडी. लहानपणी तेलीबांध्याच्या फाटकाशी आम्ही सायकली टेकवून डबे मोजायचो. डबे थोडेच, पण गाडी इतकी सावकाश जायची, की दोनदा मोजून मग गार्डाला हात करायलाही वेळ उरायचा. हे सगळं मी मोठ्या उमाळ्यानं सांगत होतो. साडूभाऊंनी मध्येच विचारलं, "गंगरेल किती टीएमसी?"

पुणेकराशी धरणावर बोलू नये. पुण्यातलं मूल 'आई'नंतर 'टीएमसी' म्हणायला शिकतं. जुलै लागला की तिथं लोक पेपरात आधी मथळा न बघता कोपऱ्यातला धरणसाठ्याचा तक्ता बघतात. पण मीही तयारीनिशी बसलो होतो.

"३२.१५," मी म्हणालो. "एकटं. तुमची खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारी मिळून किती?"

"२९.१५."

मी गिअर बदलला. अभनपूर येईपर्यंत गाडीत फार छान शांतता होती. अभनपूरच्या चौकात मागून आवाज आला, "एकूण की उपयुक्त?"

"म्हणजे?"

"मी सांगितला तो उपयुक्त साठा. तुम्ही मृतसाठा धरून सांगताय. उपयुक्त किती?"

उपयुक्त २७ च्या आसपास आहे. हे मला ठाऊक होतं आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोन टीएमसीनं पुणे जिंकलं. वर त्यांनी कोयनेचे १०५ काढले. कोयना काय कोथरुडात आहे का, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले महाराष्ट्रात तर आहे. मग मी महानदीवरूनच सरळ ओडिशात उतरलो आणि हिराकुड काढलं, नदी तर आमचीच. प्रकरण आता भाक्रा-नांगलवर जाणार, तेवढ्यात बायकोनं खिडकीबाहेर बघत विचारलं,

"समुद्र किती टीएमसी असतो हो?"

कुरुद येईपर्यंत कुणी बोललं नाही.

या भागात पाण्यावरून भांडण नवं नाही. इथल्याच कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर १९२० मध्ये इंग्रज सरकारनं कालव्याचं पाणी चोरल्याचा आळ घेतला आणि दंड बसवला. लोकांनी भरला नाही. मग गुरं जप्त करून लिलावाला काढली. बाजारोबाजार हिंडवली, पण बोली लावायला माणूस पुढं येईना. सरकार वैरण घालून घालून थकलं म्हणतात. ही हकिकत ऐकून आईनं एवढंच विचारलं, "दूध कोण काढत होतं?" इतिहासाच्या एकाही पुस्तकात मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

धरणाचं कागदोपत्री नाव रविशंकर सागर. मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्यावरून. बोलताना मात्र सगळे गंगरेलच म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बांधून झालेलं हे धरण, १४ दरवाजे, आणि मागं पाणी, पाणी, पाणी. पहिल्यांदा बघणारा माणूस गप्प होतो. साडूभाऊही झाले. मी घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंद. मग म्हणाले, "भिंतीवर पाणीपातळीचे आकडे जरा ठळक हवे होते."

अंगारमोतीचं दर्शन झालं. ही देवीसुद्धा मूळची इथली नाही. तिचं ठाणं धरणाच्या पोटात गेलं, तेव्हा तिला काठावर आणून बसवलं. बुडीत गावं ५२ म्हणतात. आईनं देवीची ओटी भरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तिचीही बदलीच झाली म्हणायची." वडील रेल्वेत होते. आईनं आयुष्यात सात वेळा घर बांधून-सोडून घेतलंय, त्यामुळे तिनं देवीकडं मागितलं काहीच नाही, विचारपूस केली.

नौकाविहार उरकला, उरकलाच म्हणायचा. केळ्याच्या आकाराची एक बोट होती, तिच्यावर बसून माणसं किंचाळत होती. आम्ही सभ्य बोटीत बसलो. नारिंगी जॅकेट सक्तीचं. आईनं ते शालीवरून चढवलं आणि आमच्यात तीच काय ती अधिकारी दिसायला लागली. बोटवाला तिलाच विचारायचा, "माताजी, आगे चलें?"

तंबूची गोष्ट जरा वेगळी. तंबूत शिरल्यावर आईनं पहिला प्रश्न केला, "याले कडी कुठी आहे?"

"चेन आहे आई. ओढायची."

"बाहेरून कोणी ओढली तर?"

या प्रश्नालाही उत्तर नव्हतं. शेवटी तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून चेनीची दोन टोकं एकमेकांना जोडली, आणि रात्री मी दोनदा बाहेर जायला उठलो तेव्हा दोन्ही वेळा तिला उठवून, कारण सांगून, पिन काढवून घ्यावी लागली. थंडी कडाक्याची. दव पडून कापड आतून ओलं झालेलं. पलीकडच्या तंबूत कुणाच्या तरी स्पीकरवर रात्री बारापर्यंत लग्नाची वरात चालली होती. नवरदेव शेवटपर्यंत पोचला नसावा. निसर्गाचा आवाज म्हणाल तर एकच ऐकू आला, साडूभाऊंचं घोरणं. धरणाचे चौदाही दरवाजे एकदम उघडल्यावर कसं वाटत असेल त्याची थोडी कल्पना आली.

पहाटे साडेपाचला तेच सगळ्यांच्या आधी तयार.

त्यांचं सामान बघण्यासारखं होतं. सात जोडांची काठी, जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारखी ओढून लांब करायची. तिला चकचकीत रीळ. गळांची डबी, तिच्यात औषधाच्या दुकानासारखे कप्पे. आणि टोपी. खाकी, रुंद काठाची, वारा खेळायला बाजूनं जाळी, गळ अडकवायला छोट्या छोट्या पट्ट्या. अकराशे रुपये, तेही सवलतीत. हनुवटीखाली बांधायला बंद होता, पण तो बांधला की फोटोत शाळेतल्या स्काउटसारखं दिसतं म्हणून मोकळा ठेवलेला.

काठावर आमच्या आधी एक बबा येऊन बसले होते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला बबा म्हणतात. साठीच्या पुढचे, अंगावर चादर, बुडाखाली पोतं, हातात साधी बांबूची काटकुळी. नारळाच्या करवंटीत ओली माती आणि तिच्यात गांडुळं. गळाच्या वर दोऱ्याला एक पांढरी काडी बांधलेली. ती पाण्यावर आडवी पडली की बबा स्वस्थ, ती किंचित ताठ झाली की मनगटाला झटका. पंधरा मिनिटांत बोट-दोन बोट लांबीचे पाच मासे जर्मनच्या डब्यात.

गांडूळ म्हटल्यावर साडूभाऊ मागं सरले. ओळख शाकाहारी पद्धतीनंच व्हायला हवी होती. त्यांनी आमच्या तंबूतून तो स्टीलचा डबा आणला, कणकेच्या गोळ्या केल्या आणि गळाला लावल्या. कल्पना अगदीच वाईट नव्हती, रोहू-कतला पिठावर येतात. पण मासे हुशार होते. दर पाच मिनिटांनी गळ वर यायचा तो घासूनपुसून स्वच्छ. आठ गोळ्या गेल्या. बबा एकदा तिकडं बघून माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, साहेब मासे धरायला आले की जेवू घालायला?

आई आली तेव्हा डबा निम्मा झाला होता.

"पोळ्यांची कणिक?"

"थोडीशीच, काकू."

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण तिनं पाण्याकडं बघितलं आणि म्हणाली, "घाला. छेरछेऱ्याचे दिवस आहेत." पौषी पौर्णिमेला छत्तीसगढात पोरं दारोदार धान मागत फिरतात, त्याचं नाव छेरछेरा, आणि त्या दिवशी कुणाला रिकामं पाठवत नाहीत. गंगरेलच्या माशांनी ते मनावर घेतलं असावं.

बायको इतका वेळ लांब उभी होती. गोड्या पाण्यातला मासा हा तिच्या मते मासाच नव्हे. पाण्यात वाढलेला दुधी. बबा दोरा गुंडाळत कुणाशी तरी बोलताना म्हणाले, "गरी टूट गे." ती एकदम पुढं आली.

"काय म्हणालात? गरी?"

बबांनी तुटका गळ तळहातावर ठेवून दाखवला. "गरी."

"आमच्याकडे पण गरीच म्हणतात!" ही मला सांगत होती, बबांना सांगत होती, पाण्याला सांगत होती. "आमचे आजोबा खाडीवर गरवायला न्यायचे." शंकर नगरात राहून तिला बावीस वर्षं झाली, छत्तीसगढी बोलीशी तिचं कामापुरतं होतं. त्या सकाळी दोघं एका पोत्यावर बसली. तिनं बांबू मागून घेतला, गांडूळ नाक न मुरडता ओवलं आणि दहा मिनिटांत वीतभर रोहू काढला. काढताना तोंडातून जो शब्द निघाला तो अस्सल रत्नागिरीचा होता. छापता येणार नाही.

साडूभाऊंनी हे पाहिलं आणि त्यांच्यातला पुणेकर उठून उभा राहिला. उथळ पाण्यात काय, खरी ओळख खोल पाण्यात. त्यांनी शेवटची मोठी गोळी लावली, दोन पावलं मागं गेले, व्हिडिओतल्या गोऱ्यासारखी काठी खांद्यामागं नेली आणि सर्व ताकदीनिशी पुढं फेकली.

गळ मागं गेला तेव्हा टोपीच्या जाळीत अडकला. पुढं आला तेव्हा टोपीसकट आला. खाकी टोपी पहाटेच्या धुक्यातून एक सुंदर कमान काढत बरीच लांब गेली आणि पाण्यावर अलगद, अगदी नमस्कार केल्यासारखी टेकली. आम्ही सगळे बघत राहिलो. साडूभाऊंनी डोक्यावरून हात फिरवला, मगच त्यांना कळलं.

"गुंडाळा! रीळ गुंडाळा!" मी ओरडलो. त्यांनी गुंडाळायला सुरुवात केली. टोपी पाणी पिऊन बुडाली, पण येत होती. अर्ध्यावर आली आणि थांबली. काठी वाकली, आणखी वाकली. "मोठा आहे!" साडूभाऊ घामाघूम होऊन म्हणाले. क्षणभर खरंच वाटलं, टोपी गिळायला कुणीतरी आलंय.

बबा उठून शेजारी आले. दोऱ्याला बोट लावून त्यांनी ताण बघितला, दोरा जिथं पाण्यात शिरत होता तिकडं बघितलं, मग काठावरच्या एका दगडाकडं.

"मछरी नोहे, साहब. आमा रुख आय."

आंब्याचं झाड. खाली त्यांचं गाव आहे. पाणी चढलं तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. या अंगाला आंबे होते, पाणी फार उतरलं की वाळकी खोडं अजून डोकं काढतात. हे झाड कुणाचं होतं तेही त्यांनी सांगितलं, त्यावरून दोन भावांत भांडण होतं तेही सांगितलं. साडूभाऊंच्या हातातली काठी तशीच वाकलेली. आई म्हणाली, देवीला बरं वर आणलं.

"देवी ला त उप्पर लानिन," बबा म्हणाले, "आमा रुख ला कोन लानतिस?"

देवीला आणलं वर. आंब्याला कोण आणणार? ते हे काही दुखऱ्या आवाजात म्हणाले नाहीत. भाव सांगावा तसं सांगितलं, आणि खिशातून ब्लेड काढून दोरा कापला. काठी सरळ झाली. अकराशेची टोपी खाली, भावाभावांच्या भांडणातल्या आंब्यावर, खुंटीला टांगावी तशी राहिली.

साडूभाऊ गप्प बसून होते. बबांना दया आली असावी. त्यांनी डब्यातला एक जिवंत मासा काढून पुढं केला, घ्या. साडूभाऊंनी समजावलं की आपल्याला खायचा नाहीये, आपण धरून परत सोडतो. बबांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले,

"त धरथव काबर, साहब?"

'मग धरता कशाला', हा प्रश्न कोथरुडात त्यांना कुणी विचारला नव्हता.

सामान आवरताना आईनं त्यांची समजूत घातली. "टोपीचं एवढं काय मनाला लावून घेता? पाणी आमच्याकडंच येते. एप्रिलात कालवा सुटला की येईल नळाला."

परतीच्या वाटेवर, गंगरेलचं पाणी जिथं कालव्यात वळतं त्या रुद्रीच्या बंधाऱ्याच्या पुढं, एका झोपडीवजा खानावळीत थांबलो. साडूभाऊ भुकेले, डोक्याला ऊन लागलेलं. पोऱ्याला विचारलं काय आहे, तो म्हणाला, साग-भात. "वा! पालेभाजी!" त्यांनी आमच्या आधी ताट मागवलं. मी सावध करायला हवं होतं, पण केलं नाही, तो दोन टीएमसीचा हिशेब बाकी होता. छत्तीसगढात भाताबरोबर जे कालवून खायचं ते सगळं साग; भेंडीचं साग, कुकरी साग, मछरी साग. ताट आलं. भाताच्या कडेला लालभडक रश्श्यात रोहूचं डोकं, एक डोळा उघडा, थेट साडूभाऊंकडं बघत.

"घ्या," बायको म्हणाली, "ओळख करून घ्या."

ते पुण्याला गेले. काठी आमच्याकडेच ठेवून गेले. बायको त्या काठीनं पडद्यांवरची जळमटं काढते, सात जोड असल्यामुळे छतापर्यंत पोचते. पुण्यात आता ते गंगरेलबद्दल बरंच बोलतात असं मेहुणीनं सांगितलं. ३२.१५ सांगतात. एकूण की उपयुक्त, ते सांगत नाहीत.

एप्रिलात पेपरात आलं, गंगरेलचं पाणी सोडलं. त्याच रविवारी साडूभाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "काकूंना विचारा, आली का?"

आई स्वयंपाकघरात होती. फडकं सोडून तिनं खिडकीशी धरलेलं होतं, नेहमीसारखं. चष्मा नाकावर खाली आणून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "रुद्रीले अटकली असेल."